वनस्पतींतील फ्लेव्होनॉइड : ताटातले आणि बाटलीतले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. डॉक्टर नव्हे आणि आहारतज्ज्ञही नव्हे. हे आरंभीच सांगतो, कारण आजच्या विषयात माझ्या हातून एकदा चूक घडली आहे, आणि ती मी माझी पायरी सोडून बोललो म्हणून घडली.

काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीची आई मला भेटायला शाळेत आली. मुलीचे वडील आखातात नोकरीला. मुलगी हुशार, पण त्या वर्षी वर्गात पेंगायची, जिना चढताना थांबायची, प्रयोगशाळेत उभी राहिली तरी तिला दम लागायचा. घरची काळजी फोनवरून वडिलांपर्यंत पोहोचली आणि सुट्टीवर येणाऱ्या भावाच्या सामानातून त्यांनी एक बाटली पाठवली. आईने ती पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवता. यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा. पोरीला देऊ का?"

मी लेबल वाचले. हिरव्या चहाचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क, क्वेर्सेटिन. सगळी फ्लेव्होनॉइड कुळातली नावे. शिक्षकाला आपल्या विषयाची नावे दिसली की त्याला उत्साह येतो. मी त्या माउलीला दहा मिनिटे रसायनशास्त्र ऐकवले आणि शेवटी म्हणालो, "निसर्गातलंच आहे, द्यायला हरकत नाही." मुलीला नेमके काय होते आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन. आधी ही द्रव्ये कोणती, त्यांचा खरा उपयोग किती आणि बाटलीतून ती घेतल्यास काय होते, ते पाहू.

रंगांचे कुळ

फ्लेव्होनॉइड हा शब्द पिवळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. या कुळातील काही द्रव्ये पिवळी असतात आणि कापड रंगवण्यासाठी त्यांचा उपयोग पूर्वापार होत आला आहे. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की यांच्या रेणूचा सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा असतो: दोन षट्कोनी कड्या आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल. या एकाच सांगाड्यावर निसर्गाने इतके फेरफार केले आहेत की आजवर सहा हजारांहून अधिक फ्लेव्होनॉइड ओळखले गेले आहेत.

यातील काही आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. कांद्यात क्वेर्सेटिन असते. चहाच्या पानात कॅटेचिन असतात. मोसंबी-संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात हेस्पेरिडिन असते. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन असतात. जांभळाचा जांभळा रंग आणि आपल्या कोकणातल्या कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटाचा आहे. मात्र प्रत्येक लाल-पिवळी वस्तू या कुळातली समजू नका. बीट आणि लाल माठ यांचा रंग बीटालेन नावाच्या वेगळ्या द्रव्यांचा असतो, टोमॅटोचा लायकोपीनचा आणि हळदीचा कर्क्युमिनचा.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, पाणी लालभडक होईल. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, पाणी हिरवट होईल. आम्ल आणि अल्कली ओळखणारा हा दर्शक म्हणजे अँथोसायनिन.

वनस्पती ही द्रव्ये तयार करते ती आपल्यासाठी नव्हे. फुलांचे रंग कीटकांना बोलावतात. पानांतील फ्लेव्होनॉइड सूर्याच्या अतिनील किरणांपासून पानाचे रक्षण करतात. शेंगवर्गीय पिकांची मुळे यांतील काही द्रव्ये मातीत सोडून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंना संदेश देतात, आणि मग मुळांवर गाठी धरतात. तूर-चवळी करणाऱ्या आपल्या शेतकरी पालकांनी त्या गाठी पाहिल्याच असतील.

एका जीवनसत्त्वाची जन्मकथा

माणसाच्या आरोग्याशी या द्रव्यांचा संबंध प्रथम जोडला गेला तो हंगेरीत. आल्बर्ट सेंट-जॉर्जी हे जीवनसत्त्व सी वर काम करणारे थोर शास्त्रज्ञ. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केशवाहिन्यांतून रक्त झिरपण्याचा विकार असलेल्या रुग्णांवर शुद्ध जीवनसत्त्व सी चा गुण येईना, पण लाल मिरची आणि लिंबू यांच्या अशुद्ध अर्काचा येतो, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. अर्कातील फ्लेव्होनॉइडमुळे हे घडते, असा निष्कर्ष काढून १९३६ साली त्यांनी या द्रव्यांना 'जीवनसत्त्व पी' असे नाव दिले.

हे नाव टिकले नाही. जीवनसत्त्व म्हणजे जे आहारात नसेल तर ठरावीक रोग होतो आणि दिल्याने तो बरा होतो असे द्रव्य. फ्लेव्होनॉइडच्या अभावाने होणारा असा कोणताही रोग सापडला नाही. तेव्हा १९५० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या संस्थांनी हे नाव सोडून द्यावे अशी शिफारस केली. पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण लोहाची कमतरता असते, जीवनसत्त्व डी ची असते, आयोडीनची असते. 'फ्लेव्होनॉइडची कमतरता' नावाचा आजार मात्र वैद्यकशास्त्राला माहीत नाही.

मग ही द्रव्ये निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. नेदरलँड्समधील झुटफेन गावी ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद १९८५ साली घेण्यात आली आणि पुढे पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या जेवणात फ्लेव्होनॉइड सर्वांत अधिक होते त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू, सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या मानाने निम्म्याहून कमी आढळले. १९९३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या माणसांना फ्लेव्होनॉइड मिळत होते ते कशातून? प्रामुख्याने चहा, त्याखालोखाल कांदा आणि सफरचंद. रोजचे सरासरी प्रमाण होते अवघे सव्वीस मिलीग्रॅम.

पण शास्त्र एका गावावर थांबत नाही. १९९७ साली वेल्समधील कॅर्फिली येथील पुरुषांच्या अशाच पाहणीत हा लाभ दिसला नाही. अशा पाहणीत एक अडचण असते. जो भाजी-फळे जास्त खातो तो कदाचित विडी-सिगारेट कमी ओढतो, जास्त चालतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. लाभ फळाचा की या सवयींचा, हे वेगळे काढणे कठीण असते.

म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यायची, असे प्रयोग करतात. अमेरिकेत २१,४४२ वयस्क स्त्री-पुरुषांवर असा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. खऱ्या गोळीत कोकोच्या बियांतील ५०० मिलीग्रॅम फ्लेव्हॅनॉल होते. मुख्य प्रश्न होता: हृदयविकार, पक्षाघात वगैरे एकूण घटना कमी होतात का? उत्तर आले: खात्रीने म्हणता येईल एवढ्या कमी होत नाहीत. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा दुय्यम निष्कर्ष आशादायक आहे, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

थोडक्यात, फ्लेव्होनॉइडयुक्त आहार चांगला, असे मानायला पुरेसा आधार आहे. तीच द्रव्ये वेगळी काढून गोळीत भरली की तोच लाभ होतो, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

गोळी आणि ताट यांत फरक का पडतो?

बाटलीवर 'अँटीऑक्सिडंट' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. परीक्षानळीत फ्लेव्होनॉइड ऑक्सिडीकरण रोखतात हे खरे. पण पोट ही परीक्षानळी नाही. आपण खाल्लेल्या फ्लेव्होनॉइडचा थोडाच भाग रक्तात जातो. आतडे आणि यकृत त्याला परका समजून त्याचे रूप बदलतात आणि तो बाहेर टाकण्याच्या मागे लागतात. उरलेला भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू फोडतात. खाद्यपदार्थांची अँटीऑक्सिडंट शक्ती सांगणारी एक मोठी यादी अमेरिकेच्या कृषिखात्याने संकेतस्थळावर ठेवली होती. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून २०१२ साली त्या खात्याने ती काढून टाकली.

दुसरी बाब प्रमाणाची. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलीग्रॅम क्वेर्सेटिन असते. बाजारात ५०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. हिशेब विद्यार्थ्यांनी करावा: एका कॅप्सूलमध्ये सुमारे दीड-दोन किलो कांद्यातील द्रव्य आहे. एवढा कांदा कोणी एका घोटात गिळत नाही, आणि आपल्या वाडवडिलांनीही कधी गिळला नाही. म्हणजे 'हे तर आपण रोज खातोच' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

तिसरी बाब 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीची. हिरव्या चहाचा पेला पिणे वेगळे आणि त्याचा घट्ट अर्क कॅप्सूलमधून घेणे वेगळे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की या चहातील ईजीसीजी हे कॅटेचिन पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलीग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा होत असल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात. औषधांशी होणाऱ्या झगड्याचेही उदाहरण आहे. १९८९ साली कॅनडातील संशोधकांना योगायोगाने आढळले की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर रक्तदाबाचे एक औषध घेतले की रक्तातील औषधाचे प्रमाण फार वाढते. प्रथम संशय फळातल्या कडू फ्लेव्होनॉइडवर गेला. पुढे मुख्य दोषी त्याच रसातली वेगळी द्रव्ये निघाली. एका फळाच्या रसाने औषधाची मात्रा बिघडते, तर घट्ट अर्काची बाटली घरात आणताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या दादी-आजोबांच्या डॉक्टरला विचारायला नको काय?

फिनलंडमधला धडाही विसरता येत नाही. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसले, म्हणून त्यांतील बीटा-कॅरोटीनची गोळी २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या प्रयोगात तपासली गेली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. बीटा-कॅरोटीन फ्लेव्होनॉइड नव्हे, पण भाजीचा गुण भाजीतून काढलेल्या एका द्रव्यात येईलच असे नाही, हे त्यातून साऱ्या जगाला कळले.

याचा अर्थ फ्लेव्होनॉइड औषध म्हणून कधीच वापरत नाहीत असा नाही. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांच्या गोळ्या मूळव्याध व पायांतील शिरांच्या विकारांत डॉक्टर देतात. तिथे आजार निश्चित असतो, मात्रा ठरलेली असते आणि देखरेख असते.

आता चहाकडे वळू

इथे मी मघाची गोष्ट पुरी करतो, कारण तिचा धागा चहाशी आहे.

बाटली सुरू होऊन दोन महिने झाले. मुलगी दुपारी डबा खाऊन घरी गेली की आई तिला चहा देई आणि चहाबरोबर ती कॅप्सूल. एके दिवशी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुलगी रांगेतच खाली बसली. आमच्या एका शिक्षिकाबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरी फटक. बाई तिला आणि तिच्या आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. हिमोग्लोबिन निघाले ८.६. मुलीला रक्तक्षय होता, आणि तो पूर्वीपासून असणार. डॉक्टरांनी विचारले, "शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते ती घेतेस का?" मुलगी रडू लागली. तोंडाला चव येत नाही, मळमळते, म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी गोळी खिडकीबाहेर टाकत होत्या.

बाटलीमुळे रक्तक्षय झाला असे मी म्हणत नाही. पण बाटलीमुळे, आणि माझ्या दहा मिनिटांच्या भाषणामुळे, दोन महिने वाया गेले. शिवाय चहातील ज्या कॅटेचिन कुळाचे मी गुणगान केले, तीच द्रव्ये अन्नातील लोहाला जखडून ठेवतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखवले की जेवणाबरोबर चहा घेतला तर भात-भाकरी-भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण खूपच घटते. अशा प्रयोगांत ते निम्म्याहूनही कमी झालेले दिसले आहे. मांसातील लोहावर हा परिणाम फारसा होत नाही, पण आपल्या मुलींच्या ताटात मांस रोज असते कुठे? आणि असले तरी चांगला तुकडा कोणाच्या ताटात जातो, हे आयांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चहात आहे तेच चहाच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये अधिक घट्ट स्वरूपात आहे.

हा प्रश्न एका मुलीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. या सभागृहात बसलेल्या मुलींकडे पाहा आणि हिशेब करा. यांचा अभ्यास, यांचे गुण, पुढे यांचे बाळंतपण, सारे त्या रक्तावर अवलंबून आहे.

डॉक्टरांनी उपचार साधे सांगितले. लोहाच्या गोळ्या रोज, त्या लिंबूपाण्याबरोबर, जेवणानंतर; चहा जेवणापासून निदान तासभर दूर; आणि जंताची गोळी. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. ती उत्तम गुणांनी दहावी झाली. ती निळी गोळी शाळेत फुकट मिळते. बाटलीची किंमत मी विचारली नाही. त्या वडिलांनी ओव्हरटाइम करून ती घेतली असणार, एवढे मात्र मला कळत होते.

काय करावे

पालकांना माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली: मूल थकलेले दिसले तर आधी रक्त तपासून घ्या, मग बाटलीचा विचार करा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

दुसरी: फ्लेव्होनॉइड हवेत ना? मग ते बाजाराच्या पिशवीतून आणा. लाल कांदा सोलताना फक्त कोरडी साल काढा; क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक असते आणि आपण तेच फेकून देतो. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, ही द्रव्ये त्या पाण्यात उतरतात. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हंगामात जांभूळ, पेरू, मोसंबी, घरचे कोकम, यांतून ती मिळतात, आणि बरोबर जीवनसत्त्व सी, तंतू, क्षार हेही मिळतात. कोकमाचे सरबत करताना साखर मात्र हात राखून घाला. लिंबू आणि पेरू यांतील जीवनसत्त्व सी लोह शोषायला मदत करते, म्हणून ते जेवणात असावेत. चहा जेवणाबाहेर असावा.

तिसरी: तरीही बाटली घेतलीच तर लेबल वाचा. आपल्या देशाच्या नियमांनुसार अशा पूरक पदार्थांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. त्यावर कोणताही रोग बरा करण्याचा दावा असेल तर ती बाटली परत करा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते, याची चौकशी आपल्या घरांत होतेच. ते कोणत्या प्राण्याचे आहे हे लेबलवर लिहिलेले नसेल तर विचारा. आवरण वनस्पतिजन्य आहे का, हेही विचारा. परदेशातून सामानात आलेल्या बाटलीवर आपले नियम आणि आपली चिन्हे नसतात, हेही ध्यानात असू द्या. गरोदर स्त्रीला, लहान मुलाला आणि रोज औषधे घेणाऱ्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

विद्यार्थिनींना एकच सांगणे आहे. ती निळी गोळी खिडकीबाहेर टाकू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, बाईंना सांगा.

आखातात कष्ट करणाऱ्या आपल्या भावांनाही घरच्यांनी हे कळवावे. ते प्रेमाने पाठवतात. तेच पैसे घरी फळे-भाजी, अंडी आणि तपासणी यांवर खर्च झाले तर त्यांच्या कष्टाचे अधिक चीज होईल.

आणि शिक्षक म्हणून मी स्वतःला लावून घेतलेला नियम सांगून थांबतो. आता कोणी बाटली घेऊन आले की मी लेबल वाचण्याआधी विचारतो, "कोणासाठी? आणि त्याला काय होतंय?"